शेतांतला सण आणि प्रीति

सुट्टीचे चार दिवस, हिरवेंगार शेत आणि दोन तरुण जीव एवढें साहित्य जमलें, कीं गोड प्रेमकथा लिहावयास आणखी कांहीं लागत नाहीं, अशी पुष्कळ लेखकांची समजूत दिसते. त्यांचा नायक शहरांतून येतो, नायिका विहिरीवर भेटते, आणि सुट्टी संपण्यापूर्वीं दोघांचें सूत जुळतें. अशा कथा आम्हीही आवडीनें वाचतों. परंतु त्या शेतांत पेरणी कोण करतो, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. आणि खेड्यांतील प्रीतीची खरी परीक्षा त्याच प्रश्नापाशीं होते, असें आमचें मत आहे.

हें मत आम्हांस लातूरकडील वेळ अमावास्येनें दिलें. मार्गशीर्षांतील या अमावास्येस लातूर व धाराशिव जिल्ह्यांत, तसेंच सोलापूरच्या कांहीं भागांत, गांवें ओस पडतात आणि शेतें गजबजतात. तेथील लोक तिला ‘येळवस’ म्हणतात. ज्वारीला कणसें येऊं लागलेलीं असतात, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. कडब्याची कोप उभारून तींत पांच पांडव म्हणून पांच दगड मांडतात व त्यांची पूजा करतात. मग भज्जी, आंबील, उंडे आणि खीर यांच्या पंगती बसतात. ही भज्जी म्हणजे तळलेलीं भजीं नव्हेत. ओले दाणे आणि पालेभाज्या बेसन लावून शिजविलेली ती मिश्र भाजी होय. ज्याला स्वतःचें शेत नाहीं, तो त्या दिवशीं दुसऱ्याच्या शेतांत पाहुणा होतो.

एका वर्षीं अशा एका पंगतीस आम्ही होतों. यजमानांचा मुलगा पदवीधर. परंतु नोकरी न धरतां घरची कोरडवाहू जमीन कसणारा. त्याच्या बहिणीची एक मैत्रीण, शहरांत शिक्षिका असलेली, तेथें आली होती. ती तीन वर्षें न चुकतां येते, असें त्याच्या आईनें आम्हांस हळूच सांगितलें. सांगतांना मात्र तिनें सुस्कारा टाकला. मुलीच्या वडिलांस जांवई नोकरदार हवा होता.

जेवणें झाल्यावर ती मुलगी कोपीकडे पाहून म्हणाली, “ही तुम्हीच बांधता का दर वर्षी?”

“हो.”

“आणि पाऊस पडला नाही, त्या वर्षी?”

“तेव्हाही बांधली होती. जरा लहान. कडबाच नव्हता.”

ती क्षणभर थांबली. “पुढच्या वर्षी मलाही शिकवा बांधायला.”

तो कांहीं बोलला नाहीं. तिच्या पेल्यांत त्यानें आंबील ओतली, ती मात्र कांठावरून सांडेपर्यंत.

तिनें विचारलेला पावसाचा प्रश्न सहज सुचलेला नव्हता. याच लातुरास २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. शेती करणाऱ्या मुलास मुलगी मिळत नाहीं, अशी तक्रार आज महाराष्ट्राच्या अनेक खेड्यांत ऐकूं येते. परंतु मुलींच्या नकारास आम्ही दोष देत नाहीं. पाणी आटलें म्हणजे हंडा कोणाच्या डोक्यावर येतो, हें त्यांनीं आपल्या आईच्या घरीं पाहिलेलें असतें. तें सारें ठाऊक असून, आधीं दुष्काळाची चौकशी करून, मग जी होकार देते, तिची प्रीति आम्हांस अधिक मोलाची वाटते.

पुढें वडिलांचें मन वळलें आणि त्या दोघांचें लग्न झालें. तिनें शाळा सोडली नाहीं, त्यानें शेत सोडलें नाहीं. कथालेखकांस हा शेवट कदाचित् फिका वाटेल. परंतु त्यांच्या नायकास सुट्टी संपल्यावर गाडी गांठावयाची असते. येथें अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीं ज्वारीवरचीं पांखरें राखावयास पहांटेच उठावें लागतें, आणि त्या वेळीं सोबत कोणी तरी असावें लागतें.