भोंगा, लस्सी आणि सहा नंबरचा फॉर्म

रविवारी सकाळी हिमायतनगरहून भाच्याचा फोन. "मामा, तुमचा ममदानी लई भारी हाय. लस्सीचा व्हिडिओ मला तोंडपाठ झालाय." आणि म्हणूनही दाखवला. न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी जून 2025मध्ये झालेल्या प्राथमिक निवडणुकीत पाच उमेदवारांपर्यंत पसंतीक्रम कसा द्यायचा, हे जोहरान ममदानींनी मँगो लस्सीचे पेले मांडून हिंदीत समजावलं होतं, वर 'दीवार'ची फोडणी. नोव्हेंबरात जिंकल्यावर भाषणाच्या शेवटी 'धूम मचाले' वाजलं.

"तुझं नाव मतदार यादीत आहे का रे?"

"नाय बा."

पोरगा एकोणीस वर्षांचा आहे.

मी चिडलो खरा, पण मला वाढोण्याचा (जुनी माणसं अजून हिमायतनगर म्हणत नाहीत) प्रचाराचा ऑटो आठवला. टपावर एका बाजूनं चेपलेला भोंगा, त्यातून गाजलेल्या सिनेगीताची चाल, शब्द तेवढे उमेदवाराचे. ऑटोवाला एका हातानं हँडल धरून दुसऱ्यानं बिल्ले उधळायचा, आम्ही धुरळ्यातून मागं पळायचो. माझ्या शर्टावर एकाच वेळी तीन पक्षांचे बिल्ले असत. परमेश्वराच्या यात्रेत तोच भोंगा पाळण्याची जाहिरात करायचा, आणि आम्ही तेवढ्याच निष्ठेनं त्याच्याही मागं जायचो.

ममदानीही आधी रॅप करत; 2019च्या त्यांच्या 'नानी' गाण्याच्या व्हिडिओत अभिनेत्री मधुर जाफरी आहेत. त्यांचं राजकारण पटतं का, हा वेगळा विषय. (भाडं गोठवण्याचं आश्वासन पटतं, मी भाडेकरू आहे.) पण नोव्हेंबरात एकूण वीस लाखांवर लोकांनी मतं दिली, 1969 नंतर पहिल्यांदाच, ती नुसत्या गाण्यावर नाही. हजारो पोरं दारोदार फिरली. लस्सीच्या व्हिडिओतही अर्धा वेळ मतपत्रिका भरायलाच शिकवलंय. आमच्या भोंग्यानं यादीत नाव कसं घालायचं, हे कधी सांगितलं नाही.

म्हणून मीच सांगतो. फॉर्म नंबर 6, ऑनलाइन किंवा बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे). पात्रतेच्या तारखा आता वर्षात चार: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या आपल्यासारख्यांना फॉर्म 6-अ. त्यावर मतदार ओळखपत्र मिळत नाही, टपालानं मत देता येत नाही. मूळ पासपोर्ट घेऊन गावच्याच केंद्रावर रांगेत उभं राहावं लागतं.

भाच्याचा फॉर्म फोन चालू असतानाच भरून घेतला. फोटो मात्र गॉगल घातलेला टाकलाय, तो बदलायला सांगितलंय.