सहा रेघांचा बोल्ट

गवताचे गठ्ठे बांधणारा जुना बेलर घेताना मी टायर बघितले, रंग बघितला, विकणाऱ्याच्या शेडमध्ये रचलेले गवताचे घट्ट गठ्ठे बघितले आणि पैसे मोजून दिले. फ्लायव्हील एकदाही हाताने फिरवलं नाही. पुढचा बहुतेक मनस्ताप तिथूनच सुरू झाला.

आम्ही अमेरिकेत, पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर काउंटीत राहतो. थोडी जमीन आहे, शेळ्या आहेत, त्यांच्या हिवाळ्याच्या वैरणीपुरतं गवत आहे. जुन्या बेलरची या भागात वाण नाही. इथल्याच एड नोल्ट यांनी 1930च्या दशकात रानातलं गवत उचलून, दाबून, आपोआप सुतळीने बांधणारं यंत्र तयार केलं आणि 1940 साली न्यू हॉलंड गावच्या कंपनीने ते हाती घेतलं. आजही आमिश शेतकरी बेलरवर वेगळं इंजिन बसवतात आणि खेचरं जुंपून तो रानात ओढतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची यंत्रं रोज कामात दिसतात, त्यांचे सुटे भागही मिळतात. म्हणून जुनं यंत्र घेण्याचा विचार चुकीचा नव्हता. माझी घेण्याची वेळ चुकली. गवत कापून रानात पसरलेलं, पावसाचा अंदाज आलेला आणि हाताशी बेलर नाही, अशा घाईत मी व्यवहार केला. खरं तर जुनं अवजार हिवाळ्यात बघायचं असतं. तेव्हा विकणाऱ्यालाही वेळ असतो आणि नको म्हणून परत फिरायची आपल्यातही हिंमत असते.

विकणाऱ्याने मला फसवलं नाही, हे आधीच सांगतो. मी जे विचारलं त्याची त्याने सरळ उत्तरं दिली. विचारायला हवं ते मी विचारलं नाही.

फ्लायव्हीलवर एक बोल्ट असतो, शिअर बोल्ट. आत काही अडकलं की आधी त्याने तुटायचं आणि बाकीचं यंत्र वाचवायचं, एवढ्यासाठीच तो असतो. म्हणून तो ठरलेल्या ताकदीचाच लागतो, कंपनीच्या पुस्तकात ती दिलेली असते. माझ्या बेलरवरच्या बोल्टच्या डोक्यावर सहा रेघा होत्या. इथे बोल्टचा दर्जा डोक्यावरच्या रेघांवरून ओळखतात. काहीच रेघ नसेल तर तो मऊ, तीन रेघा म्हणजे मध्यम आणि सहा रेघा म्हणजे फार कणखर. तो बोल्ट मी बघितला होता. चकचकीत नवा बोल्ट टाकलाय म्हणजे मालकाने काळजी घेतली आहे, असं वाटून मला उलट बरंच वाटलं. त्याचा खरा अर्थ मला शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने नंतर सांगितला. साधा बोल्ट सारखा तुटत होता, त्याचं कारण शोधण्याऐवजी कोणीतरी न तुटणारा बोल्ट बसवला होता. यंत्राचं दुखणं त्या डोक्यावर लिहिलेलं होतं, मला ते वाचता आलं नाही.

दुखणं होतं सुयांपाशी. गठ्ठा पुरेसा लांब झाला की दोन वाकड्या सुया खालून सुतळी घेऊन, गवत दाबलं जातं त्या कक्षातून वर येतात. वर नॉटर असतो. त्यातली चकती सुतळीची टोकं घट्ट धरते, बिलहुक नावाचा छोटा आकडा एक गिरकी घेतो, जबडा उघडून टोकं पकडतो, सुरी सुतळी कापते आणि पुसणारा हात आकड्यावरचा फास ओढून काढतो. झाली गाठ. गवत दाबणारा प्लंजर मिनिटाला 70-80 ठोके मारत असतो आणि हे सगळं त्याच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत उरकतं. एरवी सुया खाली जागच्या जागी राहाव्यात म्हणून नॉटरला ब्रेक असतो. तरीही त्या सरकल्याच तर एक अडसर प्लंजरच्या वाटेत येतो, प्लंजर त्याच्यावर आदळतो, शिअर बोल्ट तुटतो आणि सुया वाचतात.

माझ्या यंत्राचा ब्रेक ढिला होता आणि अडसर गंजून जागीच बसला होता. सुयांची चौकट हाताने ओढली असती तर दोन्ही गोष्टी तिथेच कळल्या असत्या. त्या कळल्या रानात, एका खड्ड्यातून जाताना. सुया वर सरकल्या, प्लंजर त्यांच्यावर आदळला आणि एक सुई मधोमध तुटली. बोल्ट तुटायला हवा होता, तो तुटला नाही. मी ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे बेलरला ताकद पुरवणारा फिरता दांडा, बंद करेपर्यंत दुसरी सुई गेली आणि कनेक्टिंग रॉड वाकला. त्या रात्री पाऊस आला आणि गवत काळं पडलं.

गावाकडे शेती करणाऱ्या अण्णांना फोन केला. त्यांनी बेलर कधी बघितलेला नाही, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जुंपून बघितला नव्हतास?" बैलाचे दात बघा, खूर बघा, पण औताला जुंपून चार तास घातल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी बैल घेतला नाही.

बेलरही असाच जुंपून बघता येतो, त्याला कापलेलं गवत लागत नाही. पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरपासून सोडायचा, सुतळी ओवायची, लांबी मोजणाऱ्या चाकाचा दांडा हाताने सोडायचा आणि फ्लायव्हील चालीच्या दिशेने सावकाश फिरवायचं. कक्ष रिकामा असल्याने सुतळीवर ताण नसतो, गाठ ढिली पडेल. पण सुया वाटेत घासतात का, अडसर बाहेर येतो का, आकड्यावर सुतळीने खाचा पाडल्यात का, सुरी एका झटक्यात कापते का, हे स्पष्ट दिसतं. मग पहार घालून प्लंजर उचलायचा. तो खडखडला तर त्याचं पातं आणि कक्षाचं स्थिर पातं यांच्यातली फट वाढलेली असते. गवत कापलं न जाता दुमडतं, यंत्रावर ओढ येते आणि साधा बोल्ट सारखा तुटतो. माझ्याकडे हेही झालेलं होतं. शेवटी कक्षाचा तळ हाताने चाचपायचा. हंगामाचा शेवटचा गठ्ठा आतच राहू दिला तर तो ओल धरतो आणि त्याखालचा पत्रा खाऊन टाकतो. वरून नवा रंग मारलेला असला तरी बोटाला ते कळतं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हे सगळं करताना पीटीओ शाफ्ट सुटलेलाच हवा आणि एकाने फ्लायव्हील फिरवताना दुसऱ्याचा हात कक्षात किंवा नॉटरजवळ असता कामा नये. जड फ्लायव्हील एकदा गतीत आलं की मध्येच थांबवता येत नाही. विकणारा "चालू करूनच दाखवतो" म्हणाला तरी आधी बंद यंत्र फिरवून बघा. त्याला घाई असेल तर दुसऱ्या दिवशी या.