दोनदा ओढलेली रेघ

“कारकुनाने शिरोरेषा दोनदा ओढलीय का रे?” मोडी वाचणाऱ्या काकांनी विचारलं, तेव्हा मी घाईने म्हणालो, “उजेड कमी होता हो, काका.” ती थाप होती. खिडकीतून भरपूर उजेड येत होता, कॅमेरा ट्रायपॉडवर होता आणि दोन सेकंदांचा टायमर लावलेला होता. हात हलायचा प्रश्नच नव्हता.

कागद घरच्याच जुन्या रुमालातले. मोडीत आधी आडवी रेघ कागदभर ओढायची आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, अशी रीत. माझ्या फोटोंत ती रेघ जोडीने आली होती; उभे फराटे मात्र सुईसारखे. फोकस चुकला असता तर सगळंच मऊ दिसलं असतं. हा हादरा फक्त वरखाली होता. आणि कॅमेऱ्यात वरखाली पळतात ते शटरचे पडदे.

माझा कॅमेरा मिररलेस. आरसा गेला म्हणजे दणकाही गेला, अशी माझी समजूत होती. पण मिररलेसचा सेन्सर सतत चित्र दाखवत असतो, म्हणून त्याचं शटर एरवी उघडंच. बटण दाबलं की ते आधी मिटतं, पुन्हा उघडतं आणि मग फोटो निघतो. वाण्याने दुकानाचं शटर धाडकन ओढलं की फळीवरच्या बरण्या क्षणभर किणकिणतात ना, नेमक्या त्या क्षणी माझा फोटो निघत होता.

खात्रीसाठी छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला चिकटवलं आणि आयएसओ बदलत एकेक वेग तपासला. १/१५ ला अक्षरं साफ, कारण हादरा विरल्यावरही शटर बराच वेळ उघडं राहतं. १/१००० लाही साफ. तेवढ्यात हलून हलणार किती? घोळ सगळा मधे, १/८० ते १/२०० च्या आसपास. कॅमेरा उभा फिरवला, तर आता उभ्या रेघा दुहेरी. चोर सापडला. ट्रायपॉडची मधली दांडी मी पूर्ण वर काढली होती, तीही त्याला सामील. हलका कॅमेरा शेंड्यावर जास्तच डोलतो.

उपाय मेन्यूतच होता: इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन. यात पहिला पडदा हलतच नाही, सेन्सर ओळीओळीने आपणच सुरू होतो. शेवटचा पडदा खरा असतो, पण तो आदळेपर्यंत चित्र झालेलं असतं. मोठं ॲपर्चर आणि फार वेगवान शटर असेल, तर मात्र मागची धूसर वर्तुळं कापल्यासारखी दिसतात. तेव्हा मी यांत्रिक शटरवर परततो. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर एकदम शांत, पण माझ्या कॅमेऱ्यात एलईडीखाली पट्टे येतात आणि धावत्या बसचे खांब तिरके होतात. निकॉनने २०२१ च्या झेड ९ मध्ये यांत्रिक शटरच काढून टाकलं, कारण त्याचा सेन्सर तेवढ्या वेगाने वाचला जातो. माझ्या सेन्सरला ते जमत नाही.

दांडी खाली घेऊन सगळे कागद पुन्हा टिपले. काकांनी भिंग फिरवलं. “रेघ एकच आहे आता. पण इथे थरथरलीय बघ.”

मी चित्र मोठं करून पाहिलं. आजूबाजूला कागदाचे तंतू लख्ख दिसत होते. म्हणजे ही थरथर माझी नव्हती, कारकुनाची होती.