काचेखालचा डोंगर

सिंगापूरचा सगळ्यात उंच डोंगर बुकित तिमा. उंची जेमतेम 163 मीटर. त्यामुळे ढगांत वाढणारं जंगल या बेटावर आपणहून उगवणं शक्यच नाही. ‘गार्डन्स बाय द बे’ या इथल्या बागेत 2012 साली ते काचेखाली उभं केलं गेलं. नाव क्लाउड फॉरेस्ट.

बाहेर घाम निथळत होता. आत पाऊल टाकलं आणि धबधब्याचे तुषार थेट तोंडावर आले. समोर 35 मीटर उंच डोंगर, खालपासून वरपर्यंत हिरवा. खरं तर तो काँक्रीटचाच सांगाडा, पण नेचे, बिगोनिया आणि ऑर्किडनी इतका दाट झाकलेला की काँक्रीट शोधावं लागतं. हवा तेवीस-चोवीस अंशांची आणि ओलसर.

लिफ्टनं आधी माथ्यावर जायचं आणि मग चालत उतरायचं, अशी इथली रीत. मी माथ्यावरच खूप वेळ रेंगाळले, कारण तिथे घटपर्णी होत्या. पानाच्या टोकाला लटकणारा घट, त्यावर झाकण आणि तोंडाशी चकचकीत, रेघारेघांची कड. ही कड ओली झाली की निसरडी होते. मग मधाच्या ओढीनं आलेला किडा घसरून आतल्या पाचक रसात पडतो. मातीत नत्र कमी, म्हणून झाडानं शोधलेली ही वाट. आपल्या कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवं याच कारणानं किडे धरतात. ती इवलीशी झाडं मी गुडघे टेकून पाहिली आहेत. इथे घट डोळ्यांसमोर टांगलेले होते.

डोंगराला वळसे घालत, हवेत काढलेल्या पुलांवरून उतरताना एक गोष्ट मनात घर करून राहिली. थंड हवेच्या या झाडांना उजेड हवा, उकाडा मात्र सोसत नाही. म्हणून काच सगळीकडून उजेड आत घेते आणि जमिनीतल्या नळ्यांतून थंड पाणी फिरतं. माणसं आणि झाडं असतात तेवढाच खालचा थर गार ठेवतात, वरची गरम हवा वरच राहू देतात. यंत्रणेला लागणाऱ्या ऊर्जेचा काही भाग शहरातल्या झाडांच्या छाटणीचा पालापाचोळा जाळून मिळतो. एवढा खटाटोप मला मुळीच फुकट वाटला नाही. हवा तापली की सखल भागातली झाडं पिढ्यान् पिढ्या डोंगर चढू शकतात. माथ्यावरच्यांना चढायला डोंगरच उरत नाही.

तळाशी ‘प्लस फाइव्ह डिग्रीज’ नावाची चित्रफीत दाखवतात: पृथ्वी पाच अंशांनी तापली तर काय होईल. एक लहान मुलगा आईला सारखा विचारत होता, “मग ती वरची झाडं कुठे जाणार?” आईनं त्याला जवळ घेतलं, उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात धुकं सोडण्याची वेळ झाली. मी पुन्हा लिफ्टच्या रांगेत उभी राहिले. घटपर्णीची ती कड ओली झालेली पाहायची होती.