कोटेशनवरच्या खालच्या ओळी

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

पतसंस्थेत गाडीच्या कर्जाला आज एकही माणूस फिरकला नाही. फिरकणार तरी कशाला? १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी उतरवायची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने दर ठरवले आणि २२ पासून ते लागू होणार. चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी आजवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस भरत होती. आता नुसते १८ टक्के. मूळ किंमत ५ लाख धरली तर ६ लाख ४५ हजारांची गाडी ५ लाख ९० हजारांत बसते. पंचावन्न हजार वाचतात. पोलादपूर तालुक्यातल्या घराला ही रक्कम लहान नाही; घाटाखालच्या वाड्यांत वर्षभराच्या भाताचे एवढे होत नाहीत.

संध्याकाळी भाचा आला. त्याने ऑगस्टमध्येच अकरा हजार भरून बुकिंग केलंय. भाऊजींचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, डायलिसिस आठवड्यातून दोनदा महाडला असतं. आंबेनळी घाटाच्या पायथ्यावरून पहाटेची एसटी चुकली की रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं. "मावशी, मला जुना भाव तर लावणार नाहीत ना?" बुकिंगची पावती पाहिली. 'किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागू राहील' असं छापलंय. हे वाक्य भाव वाढला की कंपनीच्या बाजूचं, पण या वेळी आपल्या बाजूचं आहे. निश्चिंत राहा म्हटलं.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. घट बसवून कामावर गेले तर भाचा कोटेशन घेऊन दारातच उभा.

वरच्या ओळी चोख. शोरूम किंमत नव्या दराने उतरलेली, पेट्रोलच्या गाडीचा रोड टॅक्स ११ टक्के, बरोबर. खाली मात्र हँडलिंग ८,५००. नंबर प्लेट ९००. विमा ४१,०००. 'बेसिक किट' २४,०००, त्यात सीट कव्हर, मॅट, दारांच्या पट्ट्या, अंडरबॉडी कोटिंग. महाडच्या ओळखीच्या विमा एजंटला त्याच कव्हरचा भाव विचारला: एक वर्षाचा स्वतःच्या गाडीचा, तीन वर्षांचा थर्ड पार्टी, झिरो डेप्रिसिएशनसकट २९,०००.

बेरीज मारली. किट, हँडलिंग, प्लेट आणि विम्यातला फरक मिळून ४५,४००. सरकारने पंचावन्न हजार सोडले आणि त्यातले पंचेचाळीस टेबलावरच अडले.

मला यात सगळ्यांत जास्त राग हँडलिंगचा येतो. शोरूम किंमत ही शोरूमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीची किंमत. कारखान्यातून इथवरचं भाडं तिच्यात धरलेलंच असतं. मग यार्डातून काउंटरपर्यंत गाडी आणायचे साडेआठ हजार गिऱ्हाइकाने वेगळे का द्यायचे? नंबर प्लेटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट लावून द्यायची जबाबदारी कंपनीची आहे, खर्च गाडीच्या किमतीत. दुचाकी घेणाऱ्यांना मी नेहमी सांगते की मोटार वाहन नियम १३८ प्रमाणे गाडीबरोबर हेल्मेट मिळायला हवं. त्याचे पैसे लावलेली कोटेशनं माझ्या फायलीत ढिगाने आहेत.

गुरुवार, २५ सप्टेंबर

शोरूमला फोन केला. सेल्सचा मुलगा आदबीने बोलत होता, पंचविशीचा असावा.

"मॅडम, किट ऑप्शनलच आहे."

"मग काढून टाका."

"काढतो की. पण मग गाडीचा नंबर दिवाळीनंतर लागेल."

"आणि किट घेतलं तर?"

"दसऱ्याला चावी हातात."

"एवढंच मला मेल करा."

"असं लिहून नाही देता येत, मॅडम."

म्हणजे गाडी आहे. भाच्याने मागितलेल्या रंगाची, त्याच्या नावावर मागवलेली. वेटिंग आहे ते किट न घेणाऱ्याला. ऑर्डर देऊन आणवलेल्या गाडीवर वरचे पैसे मागणं मला साध्या महागाईपेक्षा वाईट वाटतं. कारण तोवर माणूस अडकलेला असतो. अकरा हजार भरलेले, कर्ज मंजूर झालेलं, घरच्यांनी मुहूर्त काढलेला. अशा वेळी चोवीस हजारांसाठी घरातच भांडण लागतं, आणि शोरूमला ते नेमकं ठाऊक असतं.

रविवार, २८ सप्टेंबर

सुट्टी. पाऊस. ज्या निकालाबद्दल कधीपासून लिहून ठेवायचं होतं, तो आज पुन्हा नीट वाचला.

२०१७ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी मेल आला. पाठवणाऱ्याने स्वतःला मारुती सुझुकीचा डीलर म्हटलं होतं. तक्रार आपल्याच भागाची, कंपनीच्या भाषेत 'वेस्ट-२', म्हणजे मुंबई सोडून महाराष्ट्र आणि गोवा. म्हणणं असं की कंपनीने ठरवून दिलेल्या सवलतीपेक्षा एक रुपयाही जास्त सवलत गिऱ्हाइकाला द्यायला डीलरला बंदी आहे. आयोगाने चौकशी लावली. बाहेर आलं ते असं: कंपनीने त्यासाठी संस्था नेमल्या होत्या. त्यांची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जात, जास्त सवलत मागत, आणि डीलरने ती दिली की अहवाल वर जाई. मग दंड. नुसता डीलरला नव्हे, शोरूम मॅनेजरपासून विक्री करणाऱ्या मुलापर्यंत. फुकट दिलेली जास्तीची भेटवस्तूही चालत नसे. दंडाची रक्कम कुठे भरायची तेही कंपनीच सांगे. २३ ऑगस्ट २०२१ ला आयोगाने कंपनीला २०० कोटींचा दंड केला. कंपनी अपिलात गेली. त्याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईलाही अशाच कारणावरून ८७ कोटींचा दंड झाला होता, तो पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाला.

अपिलाचं काय व्हायचं ते होवो. मला खिळवून ठेवते ती देखरेख. गिऱ्हाइकाला पाच हजार जास्त सोडले तर कंपनीला कळावं म्हणून खोटं गिऱ्हाईक पाठवता येतं. मग गिऱ्हाइकाकडून पाच हजार जास्त घेतले तर कळावं म्हणून का पाठवता येऊ नये? माणसं तीच, शोरूम तेच, कागदही तोच. फक्त विचारायचा प्रश्न बदलायचा.

मारुतीचा निकाल आला त्या ऑगस्टमध्ये, २०२१ साली, महाड पुरानंतर नुकतं सुकत होतं. २२ जुलैला सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं, तळिये गावावर दरड कोसळली होती. आमचा आंबेनळी घाट जागोजाग तुटून महाबळेश्वरकडचा रस्ता बंद होता. चिखलात रुतलेल्या गाड्यांच्या विम्याचे पैसे आले आणि लोक नवी गाडी घ्यायला निघाले, तर जगभर चिपची टंचाई. गाडी मिळत नाही म्हटल्यावर कोटेशनच्या खालच्या ओळी फुगत गेल्या. मिनीडोर वाहून गेलेला एक चालक माझ्यासमोर बसून म्हणाला होता, "ताई, काय मागतील ते देऊन टाका, धंदा बंद हाय." मी त्याचं कर्ज वाढवून दिलं. दुसरा उपाय त्या दिवशी नव्हता.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दसरा चावीविना गेला. भाऊजी काही बोलले नाहीत, ताई बोलली.

मुंबईहून थोरले दीर आलेत. कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. १९५९ पासून मोटारींच्या वाटपाला आणि विक्रीला सरकारी नियंत्रण आदेश होता, किमती दिल्लीत ठरत. किमतीवरून प्रीमियर कंपनी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. तरी बाहेर 'ऑन', म्हणजे किमतीवरचे वरचे पैसे, चालायचाच. बजाज स्कूटरचा नंबर लागला की कागद हातात पडताच लोक तो विकत. भाऊजी (माझे दीर, यांनाही मी तेच म्हणते) म्हणाले, "किंमत सरकारने बांधली, पण गिऱ्हाइकाशेजारी कोण उभं होतं?" मला ते पटलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज कंपनीच्या ग्राहक विभागाला पत्र धाडलं, भाच्याच्या नावाने. प्रत शोरूमला. हँडलिंग आणि प्लेटचे पैसे कोणत्या नियमाने? किट न घेतल्यास डिलिव्हरी मागे पडते ते कोणत्या धोरणाने? बुकिंगच्या क्रमातला आमचा नंबर कितवा? विम्याबद्दल प्रश्न विचारला नाही, कळवून टाकलं. विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डीलर पॉलिसी विकू शकतो, सक्ती करू शकत नाही. आमची पॉलिसी आम्ही आणणार.

पत्र जाताच शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला. माणूस खोटा वाटला नाही. म्हणाला, गाडीवरचं मार्जिन तुटपुंजं आहे, उभ्या गाड्यांवर बँकेचं व्याज रोज चढतं. विमा, कर्जाचं कमिशन आणि अॅक्सेसरीज यांवरच पगार निघतात. शिवाय जीएसटी उतरला तेव्हा जुन्या स्टॉकवर भरलेला सेस अंगावर आला. असेल. मी पण हिशेबाचंच काम करते, मला हे समजतं. पण मार्जिन पुरत नसेल तर भांडण कंपनीशी करायला हवं. ते सोपं नाही, म्हणून ओझं डायलिसिसच्या पेशंटच्या घरावर उतरवायचं, हे मी मान्य करणार नाही. तसं त्यांना सांगितलंही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

कंपनीच्या हातात काहीच नसतं असं कोणी म्हणालं की मला दोन गोष्टी आठवतात. अमेरिकेत फोर्डने लाइटनिंग हा विजेवरचा ट्रक काढला, लोकांनी आगाऊ नोंदणी केली, आणि काही डीलर नोंदणीवाल्यांकडेच वरचे पैसे मागू लागले. किंमत ठरवायचा हक्क तिथे डीलरचा. तरी फोर्डने आणि २०२२ च्या जानेवारीत जनरल मोटर्सनेही डीलरांना लिहिलं की असं कराल तर तुमच्या वाट्याच्या गाड्या दुसरीकडे वळवू. दुसरी गोष्ट चाकणची. मर्सिडीजने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात स्टॉक स्वतःकडे ठेवला, बिल कंपनीचं, देशभर एक किंमत, डीलरला कमिशन. महागड्या गाडीच्या गिऱ्हाइकाला जे मिळालं ते सहा लाखांच्या गिऱ्हाइकाला मिळायला हवं, कारण त्याला जास्त गरज आहे.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पाडवा. कंपनीचं उत्तर आलं. डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक आहे, आपली तक्रार संबंधित डीलरकडे पाठवली आहे. बुकिंगच्या क्रमाबद्दल अवाक्षर नाही.

सवलतीच्या वेळी तो स्वतंत्र नव्हता.

भाच्याला घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. तिथे भागलं नाही तर अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला तिथली फी २०० रुपये, तक्रार ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही. हे मी पतसंस्थेच्या फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

गाडी आली. हँडलिंग गेलं, प्लेटचे ९०० गेले, विमा आमचा. किटमधल्या मॅट तेवढ्या घेतल्या, ताईला हव्या होत्या. गुरुवारी भाऊजी स्वतःच्या गाडीतून महाडला गेले. पण दसऱ्यापासूनचा महिनाभराचा उशीर आम्हालाच सोसावा लागला, त्याची भरपाई कोणी देणार नाही, आणि ज्यांनी पत्र लिहिलं नाही त्यांचे पैसे गेलेच.

संचालकांच्या सभेत आज ठराव करून घेतला. यापुढे गाडीच्या कर्जाचा चेक कोटेशनवरच्या एकूण रकमेचा निघणार नाही. शोरूम किंमत, टॅक्स आणि विमा एवढ्यालाच कर्ज. बाकी प्रत्येक ओळीपुढे कर्जदाराची 'मला हवं आहे' अशी वेगळी सही लागेल. एक संचालक म्हणाले, शोरूमवाले आमच्याकडे गिऱ्हाईक पाठवणं बंद करतील. करू देत. घाटाखालचा माणूस कर्जाला इथेच येतो.

दुपारी आलेल्या कोटेशनवर हँडलिंगची ओळ नाही. 'डॉक्युमेंटेशन ४,०००' आहे. उद्या दहाला फोन.