एका कुळीचे दोघे

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर चेव्हियट नावाच्या डोंगरांची रांग आहे. तेथे गवत, वारा आणि मेंढ्या यांवाचून फारसे काही दृष्टीस पडत नाही. मेंढपाळ पायथ्याशी उभा राहून शीळ घालतो आणि दूर चढणीवरचा काळापांढरा कुत्रा, अंग जमिनीसरसे करून, कळपाला वळसा घालू लागतो. तो भुंकत नाही. केवळ नजर रोखून पाहतो आणि त्या नजरेपुढे मेंढ्या मुकाट्याने मागे सरतात. ‘कम बाय’ म्हटले की तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, ‘अवे’ म्हटले की उलट दिशेने. ‘दॅट विल डू’ हे शब्द कानी पडताच काम टाकून तो धन्याकडे परततो. हाच बॉर्डर कॉली. आपल्याकडे धनगराचा कुत्रा मुख्यतः रात्री तळावर लांडग्यापासून राखण करतो. कळप वळवणे हे धनगराचेच काम. म्हणून या विद्येचे आपणांस अधिकच नवल वाटते.

१८९३ साली नॉर्दंबरलंड परगण्यात ॲडम टेलफर यांच्याकडे हेम्प नावाचे पिलू जन्मास आले. आजच्या बहुतेक सर्व बॉर्डर कॉलींचे मूळ या हेम्पपर्यंत जाऊन पोहोचते. पैदास करणाऱ्यांनी त्याचे रूप पाहिले नाही, काम पाहिले.

त्याच मेंढपाळी कुळातील दुसरी शाखा मात्र डोंगर उतरून दिवाणखान्यात आली. ती रफ कॉलीची. व्हिक्टोरिया राणीला बाल्मोरल येथे या कुत्र्यांचा लळा लागला. प्रदर्शने भरू लागली. आणि लोक लांब केसांची, निमुळत्या तोंडाची पिले निवडू लागले. १९४३ साली ‘लॅसी कम होम’ हा चित्रपट निघाला आणि रफ कॉली घरोघरी ठाऊक झाला. (लॅसी ही कुत्री खरी, परंतु पडद्यावर तिचे काम पाल नावाच्या कुत्र्याने केले होते!)

आता एडिंबरा शहरातील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आईवडील दिवसभर कामावर, दोन मुले शाळेत, घरामागे चार पावलांची बाग. या घरी कोणता कुत्रा आणावा?

मुलगा हटून बसतो की बॉर्डर कॉलीच हवा. त्याने चेसरची हकीकत वाचलेली असते. जॉन पिली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या या कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावे ओळखता येत असत. आई एवढेच विचारते, “तिला शिकवण्यासाठी ते रोज चार-पाच तास देत असत. आपल्या घरी इतका वेळ कोणापाशी आहे?”

प्रश्न साधा आहे, पण सारा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. मेंढ्या नसल्या म्हणून बॉर्डर कॉलीच्या रक्तातील काम थांबत नाही. मग तो सायकलींना वळसे घालतो, धावत्या मुलांच्या टाचांना दात लावतो, भिंतीवरील सावल्यांवर नजर रोखून तासन्‌तास बसतो. लोक त्याला खोडकर ठरवतात आणि अखेरीस त्याला दुसरे घर शोधावे लागते. वास्तविक त्या बिचाऱ्याचा अपराध एवढाच की, तो बेकार असतो.

रफ कॉली या मानाने समजूतदार. रोजचे फिरणे आणि घरच्यांचा सहवास मिळाला की तो तृप्त असतो. मुलांशी तर विशेष सौम्य. त्याचेही लाड पुरवावे लागतातच. ती आयाळ नियमाने विंचरावी लागते, केस सतरंजीभर होतात आणि भुंकण्याची त्याला हौस दांडगी. शिवाय काही औषधे या कुळाला बाधतात, हे पशुवैद्याच्या कानावर घालावे लागते.

शेवटी घरी रफ कॉलीच येतो. मुलगा दोन दिवस रुसतो आणि तिसऱ्या दिवशी फणी हाती घेतो.

पुढे एका रविवारी मुले बागेत खेळताना चहूकडे पांगतात. कुत्रा उठतो, मोठ्याने भुंकत साऱ्यांना एक वळसा घालतो. मुलगा ऐटीत मेंढपाळासारखी शीळ घालतो. कुत्रा मान वळवून त्याच्याकडे पाहतो आणि आपला फेरा पुरा करूनच परत येतो.