शांतिईचे खडूचे चेहरे

पॅरिसच्या उत्तर स्थानकावरून सुटलेली आगगाडी अर्ध्या तासाच्या आतच शांतिईला पोहोचते, आणि तेथून अरण्याची कड धरून, घोडदौडीचे मैदान व राजवाडा म्हणून सहज खपून जाईल अशी अठराव्या शतकातील पागा ओलांडून चालत गेले, की तळ्यात उभा असलेला प्रासाद दृष्टीस पडतो. त्याच्या पुढ्यातला अश्वारूढ पुतळा फ्रान्सचा सरसेनापती आन द मोंमोरांसी याचा. 1525 मध्ये पाव्हियाच्या रणात राजा पहिला फ्रान्स्वा शत्रूच्या हाती सापडला, त्याच दिवशी हाही कैद झाला होता. तळ्याकडचा धाकटा प्रासाद त्यानेच बांधविलेला आणि अस्सल. थोरला मात्र क्रांतीनंतर जमीनदोस्त झाला, आणि आजचा 1875 नंतर या जहागिरीचा तेव्हाचा मालक द्यूक दोमाल याने उभारविलेला असून, स्पष्टच सांगायचे तर, लांबूनच बरा दिसतो.

माझे येणे मात्र झाँ क्लुए आणि त्याचा पुत्र फ्रान्स्वा या दोघा दरबारी चित्रकारांच्या कागदांसाठी होते. वहीच्या पानाएवढ्या त्या कागदांवर सरदार, मानकरी आणि राजस्त्रिया किंचित वळून बसलेल्या आहेत: टोपी, केस, दाढी काळ्या खडूची, गालांवर व ओठांवर तांबड्या खडूचा हलका हात, नाकाच्या कडेची सावली तिरप्या समांतर रेघांनी उतरविलेली, आणि खांद्याखाली सारा भरजरी पोशाख चार रेघांत आटोपलेला. कारण उघड आहे. अमीरउमराव चित्रकारापुढे थोडाच वेळ बसत. तेवढ्यात चेहरा टिपून घ्यायचा आणि रंगीत तसबीर पुढे कारखान्यात सावकाश करायची, असा रिवाज होता. म्हणूनच तसबिरींत वस्त्रालंकार अधिक आणि माणूस कमी, असे मला वाटते. समोरासमोर झालेली भेट या कच्च्या कागदांतच शिल्लक आहे.

हे कागद पुढे जपले गेले ते प्रामुख्याने राणी कातरीन द मेदिसीच्या हौसेमुळे. मुले दूर वाढत असताना, 1552 मध्ये, तिने त्यांची चित्रे मागविली, आणि काम लवकर व्हावे म्हणून ती खडूने काढलेली चालतील, असेही कळविले. पुढे अवघा दरबारच तिने या दप्तरात दाखल करून घेतला, व कित्येक पानांवर नावे स्वहस्ते घातली. 1589 मध्ये तिच्यामागे हा संग्रह नात क्रिस्तीन हिच्याबरोबर फ्लॉरेन्सला गेला. कालांतराने त्यातील तीनशेहून अधिक पाने इंग्लंडातील कासल हॉवर्डमध्ये येऊन स्थिरावली, आणि ती द्यूक दोमालने 1889 मध्ये विकत घेतली.

या द्यूकला शांतिईची जहागीर वयाच्या आठव्या वर्षीच वारशाने मिळाली होती. 1848 च्या क्रांतीने त्याला इंग्लंडात परागंदा केले, आणि दोन्ही पुत्र तरुणपणीच निवर्तल्यामुळे त्याने वाडा, ग्रंथ, चित्रे असे सर्वस्व फ्रान्सच्या विद्वत्संस्थेला बहाल केले. दानपत्राची अट कडक: कोणतीही वस्तू बाहेर उसनी द्यायची नाही. तेव्हा ही चित्रे कोणत्याही फिरत्या प्रदर्शनात भेटतील, ही आशा सोडावी. आणि उजेडाने खडू विटतो म्हणून ती शांतिईतही आळीपाळीनेच मांडली जात असल्याने, निघण्यापूर्वी चौकशी करावी, हे उत्तम.